पाण्याला जायला वाट हवी

प्रस्तावना

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायचे मनात आले की आत काय काय घालायचे याची यादी आधी तयार होते. काच किती जाडीची, दिवे कोणते, मीठ कोणत्या कंपनीचे, दगड किती किलो, पहिला मासा कोणता. दुकानदारही हीच यादी पुढे सरकवतो, कारण त्याच्याकडे विकायला याच वस्तू असतात. टाकीतून काय बाहेर जायचे आहे, कुठून जायचे आहे आणि ते गेले नाही तर काय होईल, याची यादी सहसा कुणी करत नाही. मग काही महिन्यांनी काचेवर हिरवी लव दिसू लागते, कपाटातल्या नळीतून गुळगुळ आवाज येऊ लागतो, आणि दोन वेगळ्या दुखण्यांवर दोन वेगळी औषधे शोधणे सुरू होते.

हे पुस्तक त्या न केलेल्या यादीचे आहे. त्याचे दोन भाग आहेत: सांडव्याच्या नळ्यांची निगा आणि शेवाळावरचा ताबा. पहिला भाग वाचताना प्लंबरचे पुस्तक हाती आल्यासारखे वाटेल, दुसरा वाचताना जीवशास्त्राचे. हे दोन विषय एका बांधणीत का आणले, ते आधीच सांगायला हवे. खाऱ्या पाण्याच्या टाकीची तब्येत तिच्यातून काय बाहेर पडते यावर ठरते. पाणी सांडव्यातून बाहेर पडते आणि त्याच्यासोबत उरलेले अन्न, माशांची विष्ठा, पृष्ठभागावरचा तवंग हे सगळे गाळायच्या जागी पोचते. ही वाट अडली की अन्नद्रव्ये टाकीतच साचतात आणि शेवाळ फोफावते. फोफावलेले शेवाळ पुन्हा त्याच वाटेत जाऊन अडकते. म्हणजे नळी आणि शेवाळ ही एकाच दुखण्याची दोन टोके आहेत, आणि एक टोक सोडून दुसऱ्यावर उपचार करणारा त्याच जागी गोल फिरत राहतो.

हा प्रश्न मत्स्यालयाइतकाच जुना आहे. १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरचे दगडी प्रवाळ लंडनच्या घरी आणून जगवले. समुद्राचे ताजे पाणी रोज मिळणे शक्य नव्हते, म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळली जाई. हे काम घरातली मोलकरीण करी. आजचा पंप आणि आजची नळी मिळून जे करतात, ते तेव्हा एका बाईचे दोन हात करत होते. त्यानंतर थोड्याच वर्षांनी रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोड्या पाण्याच्या टाकीत मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून त्यांचा हिशेब जुळतो का ते पाहिले. पाने कुजू लागली, हिरवा चिकट थर धरू लागला, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या आणि पाणी निवळले. लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे १८५० मध्ये मांडलेला हा प्रयोग मत्स्यालयशास्त्राचा पाया मानला जातो. त्या पायातच शेवाळ होते, आणि त्यावरचा उपाय म्हणून आणलेली गोगलगायही.

तिसरे नाव विल्यम अल्फर्ड लॉइडचे. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने उभारलेल्या मत्स्यालयात प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली एक प्रचंड अंधारी टाकी होती. वरच्या टाक्यांतले पाणी सांडून खाली येई, अंधारात निवळे आणि पंपाने पुन्हा वर चढे. खालच्या टाकीत वरच्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी होते. आज हौशी लोक टाकीखालच्या कपाटात जो ‘संप’ ठेवतात, तो लॉइडच्या याच कल्पनेचा छोटा वंशज आहे. १९५१ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातला मासा पहिल्यांदा तिथल्या काचेतून पाहिला. काचेच्या मागची खोली मात्र फार थोड्यांनी पाहिली असेल. हे पुस्तक त्या मागच्या खोलीत घेऊन जाणारे आहे.

आता घरच्या टाकीकडे येऊ. पुस्तकभर उदाहरणासाठी एकच टाकी धरली आहे: १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद, ६० सेंमी उंच. काठोकाठ भरली तर तिच्यात ४३२ लिटर पाणी मावते. तिच्या मागच्या काचेला वरच्या बाजूस दातेरी कड असलेली पेटी बसवलेली असते. धरणाला सांडवा असतो तशी ही पेटी. पाणी एका ठरावीक पातळीच्या वर गेले की दात्यांमधून पेटीत सांडते, पेटीच्या तळाच्या किंवा मागच्या भोकातून नळीत शिरते आणि खाली संपमध्ये पडते. संपमध्ये गाळणी, प्रोटीन स्किमर, हीटर किंवा चिलर असतात आणि शेवटच्या कप्प्यातला पंप तेच पाणी वर पाठवतो. तासाला टाकीच्या तिप्पट ते पाचपट पाणी या फेऱ्यात फिरावे असा सर्वसाधारण संकेत आहे. आपल्या टाकीसाठी ते १,३०० ते २,२०० लिटर होते.

पाणी पृष्ठभागावरूनच का काढायचे, हे समजले तर पुढचे बरेचसे समजते. प्रथिने आणि तेलकट द्रव्ये पाण्यात सारखी पसरत नाहीत. हवा आणि पाणी जिथे भेटतात तिथे ती गोळा होतात. म्हणून सांडवा नसलेल्या टाकीवर एक पातळ तवंग धरतो. तो प्रकाश अडवतो आणि त्याहून वाईट म्हणजे प्राणवायू आत येण्याची आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्याची वाट अरुंद करतो. सांडवा हा तवंग सतत खरवडून खाली नेतो. प्रोटीन स्किमरला बुडबुड्यांवर चिकटवून बाहेर काढायला हवी असतात ती द्रव्ये हीच. दात्यांमध्ये शेवाळ वाढून सांडव्याची रुंदी निम्मी झाली, तर पाणी उरलेल्या निम्म्या रुंदीतून जाड धारेने जाते. पाण्याचे लिटर तेवढेच राहतात, पण तवंगाचा पातळ थर अलगद उचलणे तिथेच संपते. स्किमर कमी फेस काढू लागला की मालक स्किमर दुरुस्त करायला बसतो. दोष वर, दात्यांमध्ये असतो.

नळ्यांच्या रचना तीन. तिन्ही हौशी लोकांनीच सुचवल्या आणि त्यांच्याच नावांनी किंवा टोपणनावांनी त्या ओळखल्या जातात. डर्सो नळी सर्वांत साधी. पेटीत उभी नळी, तिच्या डोक्यावर ‘टी’, टीचे एक तोंड खाली वळलेले आणि वरच्या झाकणाला बारीक भोक. त्या भोकातून हवा आत येते, म्हणून नळी पूर्ण भरत नाही आणि पाणी हवेसोबत खाली उतरते. एक इंची नळी अशी वाहताना तासाला साधारण २,२०० लिटर नेते असा ठोकताळा आहे. या रचनेत सगळा जीव त्या एका भोकात असतो. मिठाचा कण धरून ते बंद झाले की नळी भरते, वक्रनलिकेसारखी जोराने ओढू लागते, पेटी रिकामी होते, हवा शिरते, ओढ तुटते, पेटी पुन्हा भरते. संडासाच्या फ्लशसारखा आवाज दर मिनिटाला येऊ लागला की डर्सोच्या भोकात टूथपिक घालून पाहावे.

हर्बी रचनेत दोन नळ्या असतात. पहिलीचे तोंड पेटीत पूर्ण बुडलेले आणि खाली संपजवळ तिला गेट व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह अशा बेताने फिरवायचा की नळीत हवेचा बुडबुडाही शिरू नये आणि पेटीतली पातळी स्थिर राहावी. नुसते पाणी वाहणारी नळी आवाज करत नाही आणि त्याच जाडीत कितीतरी अधिक पाणी नेते. दुसरी नळी कोरडी, उंच, संकटासाठी. बीन ॲनिमल रचनेत या दोन्हींच्या मध्ये तिसरी नळी येते. तिच्यातून रोज थोडे पाणी काठाने झिरपत जाते आणि पहिली नळी कमी पडली की ही आपोआप भरून जोराने ओढू लागते. व्हॉल्व्ह रोज जुळवत बसावे लागत नाही, हा या रचनेचा मोठा फायदा. बॉल व्हॉल्व्हने मात्र यातले काही जमत नाही. तो उघड-बंद करायला असतो, केसभर फिरवायला नाही. आणखी एक बारकावा इथेच सांगतो, कारण तो चुकला की नवी टाकी पहिल्याच दिवशी रुसते: भरून वाहणाऱ्या नळीचे खालचे टोक संपच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटरच बुडलेले असावे. खोल बुडवले तर सुरू होताना नळीतली हवा बाहेर ढकलली जात नाही आणि ओढ धरतच नाही.

अडथळे कशाचे होतात, याची यादी पुस्तकात लांब आहे. मिठाची पापडी. दात्यांवरचे केसाळ शेवाळ. गुलाबी चुनखडी शेवाळ, जे दगडावर सुंदर दिसते आणि व्हॉल्व्हच्या आत बसले की तो फिरेनासा करते. नळीच्या अंधारात राहणारे नळीकिडे आणि स्पंज. त्यांना प्रकाश लागत नाही, फक्त वाहते अन्न लागते, आणि सांडव्याच्या नळीइतके वाहते अन्न टाकीत दुसरीकडे कुठे नसते. संपमधल्या शेवाळाच्या कप्प्यातून सुटलेला धागा. पेटीत उडी मारलेला मासा. आणि शेवाळ खाण्यासाठी मुद्दाम विकत आणलेली ट्रोकस किंवा ॲस्ट्रिया गोगलगाय, जी चरत चरत दात्यांवर चढते, पेटीत पडते आणि नळीच्या तोंडाशी नेमकी बुचासारखी बसते. प्रत्येक नळीच्या तोंडावर जाळी हवी. मात्र जाळी बारीक असेल तर तीच शेवाळाने बंद होते. म्हणून जाळी मोठ्या छिद्रांची असावी आणि हाताने सहज काढता यावी.

निगेचे वेळापत्रक साधे ठेवले आहे. दर आठवड्याला दात घासायच्या ब्रशने दाते घासणे आणि मीठ पुसणे. दर महिन्याला पेटीच्या तळाचा गाळ बारीक नळीने ओढून काढणे. खोल पेटीच्या तळाशी पाणी जवळजवळ थांबलेले असते आणि तिथला गाळ कुजत कुजत नायट्रेट सोडत राहतो. दर काही महिन्यांनी युनियन, म्हणजे उघडता येणारे सांधे, सैल करून नळ्या काढणे आणि निम्मे पाणी, निम्मे व्हिनेगर अशा मिश्रणात भिजवणे. व्हिनेगरमधले ॲसिड चुन्याचा थर विरघळवते आणि बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. बुडबुडे थांबले आणि थर उरलाच असेल तर मिश्रण बदलायचे. साबण कधीही नाही. या सगळ्यासाठी एक अट आहे: नळ्या बसवतानाच युनियन बसवलेले हवेत. सगळे सांधे सॉल्व्हंटने कायमचे चिकटवणाऱ्याला पुढे करवत चालवावी लागते.

पेटी साफ करताना हातमोजे आणि चष्मा घालावा. झोअँथिड नावाचे बटणांसारखे प्रवाळभाऊबंद सांडव्याच्या कडेवर आवडीने वाढतात आणि त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असते. सागरी विषांमधले हे सर्वांत जहाल विषांपैकी एक. असे प्राणी असलेला दगड उकळत्या पाण्यात टाकून साफ करण्याचा प्रयत्न घरातल्या सगळ्यांना दवाखान्यात पोचवू शकतो.

नळ्यांच्या भागातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आकडेमोडीचे आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर कुणीतरी राहते आणि त्यांच्या छताला ओल आली तर सोसायटीच्या सभेत तुमचे प्रवाळ कितीही सुंदर असून उपयोग नसतो. आपल्या उदाहरणाच्या टाकीचे पृष्ठफळ ७,२०० चौरस सेंमी. म्हणजे पातळीतला प्रत्येक सेंटिमीटर ७.२ लिटरचा. वीज गेली की पंप थांबतो, पण टाकीतले पाणी दात्यांच्या पातळीपर्यंत उतरत राहते आणि वर नेणारी नळी उलटी वाहू लागते. तिचे तोंड पृष्ठभागाच्या ५ सेंमी खाली असेल तर ३६ लिटर पाणी संपमध्ये येते. तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. पुष्कळजण या नळीला हवा आत घेणारे छोटे भोक पाडून निश्चिंत होतात. ते भोक भर प्रकाशात असते, म्हणजे शेवाळ धरायला उत्तम जागा. ते कधी बुजले हे कळते वीज गेल्यावर. त्यापेक्षा नळीचे तोंडच पृष्ठभागालगत ठेवावे. उलट वाहू न देणाऱ्या व्हॉल्व्हवरही विसंबू नये. त्याच्या पडद्यावर चुन्याचा एक कण बसला की तो बंद होत नाही.

उलटी बाजूही मोजायची. सगळ्या नळ्या एकदम बुजल्या तर पंप संपच्या शेवटच्या कप्प्यातले पाणी वर फेकत राहील. दात्यांच्या वर काचेचा काठ ४ सेंमी उरला असेल तर टाकीत जेमतेम २८ लिटर जादा मावतील. पंपाच्या कप्प्यात त्याहून कमी पाणी असेल तर पंप आधी कोरडा पडेल आणि घर वाचेल. इथे एक छुपा शत्रू असतो: बाष्पीभवन भरून काढायला बसवलेला स्वयंचलित गोड्या पाण्याचा पुरवठा. कप्प्यातली पातळी उतरलेली पाहून तो मुकाट्याने गोडे पाणी ओतत राहतो. पूर तर येतोच, शिवाय टाकीतले पाणी पातळ होते. म्हणून त्याचा साठवणीचा कॅन लहान ठेवावा. एवढी बेरीज-वजाबाकी टाकी भरण्याआधी कागदावर केली तर पुढच्या कित्येक रात्री झोप लागते.

दुसरा भाग शेवाळाचा. त्यात शेवाळाला शत्रू ठरवलेले नाही. प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्मजीव हे एकपेशीय शैवालच असतात. दगडाला गुलाबी रंग देणारे चुनखडी शेवाळ टाकी स्थिरावल्याची खूण असते. प्रकाश, पाणी आणि अन्नद्रव्ये असतील तिथे शेवाळ वाढणारच. आपल्या हाती एवढेच असते की कोणते शेवाळ वाढावे आणि कुठे.

म्हणून आधी ओळख. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर तपकिरी पूड पसरते. ते डायटम. त्यांना सिलिकेट लागते, ते संपले की तेही ओसरतात, त्यासाठी काही विकत घ्यायची गरज नसते. लालसर जांभळा चिकट पापुद्रा हे मुळात शेवाळ नव्हेच, तो सायनोबॅक्टेरिया. जिथे प्रवाह मंद आणि गाळ साचलेला तिथे तो धरतो, आणि सांडव्याच्या नळीतून पाणी कमी जाऊ लागल्याची पहिली चुगली बरेचदा तोच करतो. हिरवे केसाळ शेवाळ हाताने उपटता येते. पिसासारखे दिसणारे ब्रायोप्सिस चिवट असते, उपटले तरी बारीक तुकड्यातून पुन्हा येते. हिरव्या काचेच्या गोट्यांसारखे दिसणारे व्हॅलोनिया म्हणजे प्रत्येक गोटी एकच पेशी. ती आत फोडू नये, अख्खी सोडवून बाहेर काढावी. एमराल्ड खेकडा ती खातो, सगळेच खातात असे मात्र नाही.

मग अन्नद्रव्ये. टाकीत फॉस्फेट मुख्यतः या दाराने शिरते: आपण घातलेले खाद्य. गोठवलेले खाद्य वितळल्यावरचे पाणी टाकीत ओतू नये, गाळून टाकावे. दुसरे दार बाष्पीभवनाच्या भरपाईचे पाणी. नळाच्या पाण्यात नायट्रेट, सिलिकेट काहीही असू शकते. पाणी उडून जाते, हे मागे राहते आणि रोज साचत जाते. आरओनंतर आयन काढणारी गाळणी लावून टीडीएस मीटरवर शून्य येईल असेच पाणी वापरावे. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी क्षार पुन्हा मिसळलेले असतात, ते इथे चालत नाही. हौशी प्रवाळटाक्यांत नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम या पट्ट्यात ठेवण्याची रीत आहे. पाणी बदलून हे आकडे किती उतरतात याबद्दल फार भाबड्या समजुती आहेत. १० टक्के पाणी बदलले की नायट्रेट १० टक्केच उतरते, २० चे १८ होते. रोजची भर थांबवली तरी निम्म्यावर यायला असे सात बदल लागतात, आणि रोजची भर तर थांबलेली नसते. पाणी बदलणे उपयोगी आहे, पण ती मुख्य वाट नाही. मुख्य वाट म्हणजे स्किमरचा पेला, गाळणीची पिशवी आणि कात्रीने कापून फेकलेले शेवाळ. स्किमरमधली काळी घाण किंवा पिशवीतला गाळ कुजायच्या आत घराबाहेर गेला तरच तो खऱ्या अर्थाने बाहेर गेला. आठवडाभर न धुतलेली पिशवी घाण नुसती एका जागी धरून ठेवते.

चाचणीच्या आकड्याचा एक सापळा या भागात सविस्तर आला आहे. दगडांवर बोटभर शेवाळ आणि चाचणीत फॉस्फेट शून्य, हे चित्र नेहमीचे आहे. शेवाळाने ते आधीच गिळलेले असते. उलट सापळा त्याहून धोक्याचा. रसायने आणि राळेने नायट्रेट-फॉस्फेट खरोखरच शून्यावर आणले की नेहमीच्या शेवाळाची उपासमार होते आणि मोकळ्या जागेत डायनोफ्लॅजेलेट शिरतात. तपकिरी शेंबडासारखे धागे, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, आणि मरू लागलेल्या गोगलगाई. त्यातल्या काही जाती विषारी असतात. अशा वेळी उपाय उलटा करावा लागतो: अन्नद्रव्ये थोडी वाढवायची. रात्री पाण्यात उतरणाऱ्या ऑस्ट्रिओप्सिससारख्या जातीवर अतिनील दिवा चालतो, वाळूतच राहणाऱ्या ॲम्फिडिनियमवर तो वाया जातो.

चरणाऱ्या प्राण्यांचे प्रकरण कॅरिबियन समुद्रातून सुरू होते. १९८३ मध्ये पनामाजवळ लांब काट्यांचे काळे सागरी साळू, डायडेमा, मरू लागले आणि वर्षभरात कॅरिबियनभर त्यांच्यातले ९० टक्क्यांहून अधिक संपले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच विरळ झाले होते आणि १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. उरलेला एकमेव चरणारा तोही गेला. १९७७ मध्ये जमैकाच्या प्रवाळभित्तींवर ५२ टक्के प्रवाळ आणि ४ टक्के शेवाळ होते. १९९३ पर्यंत प्रवाळ ३ टक्के आणि शेवाळ ९२ टक्के झाले. एका जातीवर सगळी भिस्त ठेवली की काय होते, याचा एवढा मोठा धडा दुसरा नाही. टाकीतही नुसत्या एका जातीच्या शंभर गोगलगाई सोडण्यापेक्षा काच चाटणारी गोगलगाय, वाळू ढवळणारी गोगलगाय, सालारियास ब्लेनी आणि जागा पुरेशी असेल तर टँग मासा अशी विभागणी करावी. आणि लक्षात ठेवावे की चरणारा प्राणी शेवाळाची विष्ठा करतो. ती सांडव्यातून बाहेर गेली नाही तर फॉस्फरसचा फक्त पत्ता बदललेला असतो.

शेवाळाला हक्काची जागा देणे हा या पुस्तकाचा आवडता उपाय आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर ॲडी यांनी मुद्दाम प्रकाश आणि वाहते पाणी देऊन जाळीवर शेवाळ वाढवले आणि ठरावीक दिवसांनी ते खरवडून काढले. शेवाळाने ओढलेली अन्नद्रव्ये शेवाळासकट बाहेर. घरच्या संपमध्ये कीटोमॉर्फाच्या हिरव्या गुंत्याने हेच साधते. रात्री दिवा लावला तर मुख्य टाकी अंधारात असताना सामू घसरत नाही, हा वरचा फायदा. कप्प्याच्या तोंडाला जाळी मात्र हवीच, नाहीतर पंप आणि नळ्यांच्या प्रकरणात पुन्हा यावे लागेल. औषधांचे प्रकरण सर्वांत शेवटी आणि सर्वांत छोटे आहे. ब्रायोप्सिसवर फ्लुकोनाझोल चालते, फॉस्फेटवर लोहाचे दाणे चालतात. पण वाट अडलेली असताना औषध दिले की मेलेले शेवाळ टाकीतच कुजते आणि पुढच्या शेवाळाचे खाद्य होते.

एक वाट घराच्या बाहेरही जाते. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरशास्त्रीय संग्रहालयाच्या अगदी खालच्या समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा एक छोटा ठिपका दिसला. मत्स्यालयांत शोभेसाठी वाढवलेले हे वाण टाक्यांच्या सफाईच्या पाण्यातून समुद्रात गेले असे मानले जाते. पुढे ते भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर पसरले. २००० मध्ये तेच कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडले, तेव्हा ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून ते मारावे लागले आणि पूर्ण उच्चाटन झाल्याचे जाहीर व्हायला २००६ उजाडले. म्हणून कापलेले शेवाळ खाडीत, गटारात किंवा विसर्जनाच्या घाटावर नको. ते वाळवून कचऱ्यात टाकावे. आणि उलट दिशेची वाटही बंद ठेवावी. आपल्या समुद्रातले खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकावरून प्रवाळासकट उचललेला दगड पिशवीत घालून आणणे हा गुन्हा आहे.

पुस्तक कसे वाचावे? टाकी अजून घ्यायची असेल तर भोकांचे प्रकरण माशांच्या दुकानात जाण्याआधी वाचा. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, आणि भरलेल्या टाकीला तर कुठल्याच काचेत पाडता येत नाही. तीन नळ्यांची जागा ठेवा, आज एकच वापरणार असलात तरी. टाकी आधीच घरात असेल तर वाचण्याआधी एक काम करा. घरी असताना, दिवसाउजेडी, मुख्य नळीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि पंप चालू ठेवून टाकीसमोर उभे राहा. पाणी चढेल, संकटाच्या नळीत शिरेल आणि काठाखाली कुठेतरी थांबेल. थांबले, तर व्हॉल्व्ह उघडा आणि पुस्तक पहिल्या पानापासून सवडीने वाचा. थांबले नाही, तर आधी पंप बंद करा आणि मग अडथळ्यांच्या प्रकरणापासून सुरुवात करा.